दारापासून स्टेशनापर्यंत

‘तुम्ही जुने सचिव आहात, सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा,’ असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी सगळ्यात आधी कार्यालयातल्या कपाटातून इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. पहिली वही २००० सालची. कडा पिवळ्या पडलेल्या, दोन-चार पानं वाळवीने खाल्लेली. पहिल्याच वर्षीच्या एका सभेत हा ठराव सापडला : ‘जिन्याखालील जागा सायकली ठेवण्यासाठी निश्चित करण्यात यावी. ज्या सभासदांकडे स्कूटर आहे त्यांनी ती कुंपणभिंतीलगत लावावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’ चारचाकीचा त्या अख्ख्या वहीत उल्लेख नाही, कारण चोवीस घरं मिळून चारचाकी एकही नव्हती.

मग मागच्या वर्षीची वही उघडली. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात पार्किंगचा विषय साडेतीन पानं चालला आहे. आणि अगदी शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली दोन ओळी : ‘प्रवेशद्वारापाशी उतार (रॅम्प) बांधणे. पार्किंगच्या दोन जागा कमी होत असल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.’

इमारतीला रंग कधी दिला, बोअर कधी मारली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वेळा फसलं, हे सगळं अहवालात आहेच. मी या लेखात फक्त एवढंच सांगणार आहे, की या गावात आपण येत-जात कसे होतो, आणि आपल्यापैकी कोणाला घराबाहेर पडता येत होतं, कोणाला नव्हतं. सायकलींचा ठराव आणि उताराची तहकुबी यांच्या मधला हा इतिहास आहे. पण तो आपल्या सोसायटीच्या बराच आधी सुरू होतो.

स्टेशनाभोवती वाढलेलं गाव

गोंदियाची गोष्ट कुठूनही सुरू करा, दोन वाक्यांत ती स्टेशनावर येते. रेल्वे येण्यापूर्वी या झाडीपट्टीतला तांदूळ, लाख, डिंक बैलांच्या खासरांतून बाहेर जायचा. माणसं रेंगीत नाहीतर दमणीत बसायची, आणि ज्यांच्याकडे बैल नाहीत ती पायी चालायची. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही मीटरगेज लाईन नागपूरहून राजनांदगावपर्यंत टाकली गेली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने ही लाईन ताब्यात घेतली, रुंद केली आणि १८९१ पर्यंत थेट आसनसोलपर्यंत नेली. म्हणजे ज्या काळात इथून शेजारच्या तालुक्याला पावसाळ्यात जाणं मुश्कील होतं, त्या काळात इथला माणूस गाडीत बसून बंगालपर्यंत पोचू लागला.

गोंदिया खऱ्या अर्थाने ‘जंक्शन’ झालं ते मात्र छोट्या लाईनीमुळे. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही सातपुड्यातली नॅरोगेज लाईन सुरू झाली. १९०८ मध्ये नागभीडकडे जाणारी दुसरी छोटी लाईन आली, ती पुढे चांद्यापर्यंत गेली. छोट्या लाईनीच्या दोन रुळांमध्ये अंतर अडीच फुटांचं, मोठ्या लाईनीच्या साडेपाच फुटांचं. इकडचा डबा तिकडच्या रुळावर चालत नाही. त्यामुळे जंगलातून आलेलं प्रत्येक पोतं, प्रत्येक गठ्ठा इथे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. माणसांनीही तसंच उतरायचं, सामान उचलायचं, फलाट बदलायचा. या चढ-उतारीने इथे हमाल आणले, आडते आणले, धर्मशाळा आणल्या. मग राईस मिल आल्या, बिडीचे कारखाने आले. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी, गुजराती, मारवाडी, सिंधी अशा सगळ्या भाषा एका बाजारात ऐकू येतात, त्याचं मूळ या दोन वेगवेगळ्या मापांच्या रुळांत आहे.

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला ती छोटी लाईन आठवत असेल. खिडकीतून हात बाहेर काढला तर झाडाची पानं हाताला लागायची. चढावर गाडी एवढी हळू व्हायची, की पोरं उतरून बाजूने चालायची, असं सांगणारे बरेच भेटतात. ते सांगताना थोडी भर घालत असतीलही. चांद्याकडची लाईन १९९० च्या दशकात रुंद झाली, बालाघाटची २००५ च्या सुमारास, आणि जबलपूरपर्यंतचा सगळा मार्ग रुंद व्हायला २०२०-२१ उजाडलं. नॅरोगेजची जुनी इंजिनं आता नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात बघायला मिळतात. आज विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून निघून आपल्या गावात येऊन थांबते. महाराष्ट्र एक्स्प्रेस पार कोल्हापूरहून येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये पहिली प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ती टिकली नाही, पण डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद आणि तिरुपतीसाठी पुन्हा विमान उडालं. धानाच्या गावातून तिरुपतीला विमानाने जाता येतं, हे आपल्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी आपला ताप बघितला असता.

रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

पण ज्या रुळांनी गोंदियाला हावडा आणि मुंबई जोडून दिली, त्याच रुळांनी गावाचे दोन भागही केले. आपल्याकडे वस्तीला ‘टोली’ म्हणतात. स्टेशनाच्या या अंगाची वस्ती ती रेलटोली. बाजार, गोरेलाल चौक त्या अंगाला. आपली सोसायटी रेलटोलीच्या बाजूची. नकाशावर बाजार हाकेच्या अंतरावर आहे. पण मधे रूळ आहेत, आणि रूळ ओलांडायचे म्हणजे पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, नाहीतर वाहनाने वळसा घालायचा.

धडधाकट माणसाला हे कधी जाणवत नाही. मलाही चाळीस वर्षं जाणवलं नव्हतं. ज्याचे गुडघे दुखतात, जिच्या कडेवर मूल आणि हातात पिशवी आहे, जो कुबडी घेऊन चालतो, त्याच्यासाठी मात्र हाकेवरचा बाजार दुसऱ्या गावात असतो.

तरीही जुन्या पिढीच्या म्हाताऱ्या बायका बाजारात जायच्या, दवाखान्यात जायच्या, लग्नाला जायच्या. त्या कशा जायच्या? सायकलरिक्षाने.

सायकलरिक्षाबद्दल लिहिताना भावुक व्हायचं कारण नाही. दोन माणसं आणि वर तांदळाचा कट्टा घेऊन मे महिन्याच्या उन्हात एका माणसाने दुसऱ्याला ओढणं ही काही गौरवाची गोष्ट नव्हती. स्टेशनाबाहेर रात्रीच्या गाडीची वाट बघत रिक्षाच्या सीटवरच झोपलेली ती माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या म्हातारपणाची सोय झाली, हे आपण कधी विचारलं नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. रिक्षा दारात यायची. रिक्षेवाल्याला घर माहीत असायचं, घरातली आजारी आजी माहीत असायची. ‘बाई, तुम्ही बसा, पिशवी मी आणतो,’ म्हणत तो आत येऊन सामान उचलायचा, हात देऊन आजीला वर बसवायचा. सीट ठेंगणी, वेग कमी, धक्के सोसण्यासारखे. ‘सुगम्य’ हा सरकारी शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्या गावात एक सुगम्य वाहन होतं. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी छातीने मोजली.

भंडाऱ्याची खेप

ज्यांनी हे घर घेतलं त्या पिढीला ‘भंडाऱ्याची खेप’ म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. १ मे १९९९ पूर्वी गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्ह्याचं कुठलंही काम निघालं, की भंडारा. सकाळी गाडीने भंडारा रोडला उतरायचं. ते स्टेशन वरठीला, गाव तिथून पुढे दहाएक किलोमीटर. मग ऑटो नाहीतर बस. कार्यालयात पोचेपर्यंत साहेब जेवायला गेलेले. परतीची गाडी चुकली तर रात्र स्टेशनावर. एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस आणि एक रजा जायची. सालेकसा-देवरीकडच्या माणसाला तर दोन दिवस लागायचे. त्या काळी अपंगत्वाचा दाखला काढायलासुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागे. ज्याला चालता येत नाही, त्याने ते सिद्ध करायला एवढा प्रवास करायचा!

१ मे १९९९ ला आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा झाला आणि ही खेप संपली. पुढच्याच वर्षी आपली सोसायटी नोंदवली गेली. म्हणून मी म्हणतो, सोसायटी आणि जिल्हा ही जवळजवळ पाठची भावंडं आहेत. नोंदणीच्या कागदांसाठी आम्हाला भंडाऱ्याला जावं लागलं नाही, याचं त्या वेळी केवढं अप्रूप वाटलं होतं! रस्ता, पूल, गाडी यांनीच माणसाचा प्रवास सोपा होतो असं नाही. कधी कधी कार्यालय जवळ आणलं तरी होतो.

सायकलकडून गाडीकडे

नंतरची पंचवीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. जिन्याखालच्या सायकली हळूहळू कमी झाल्या. आधी लुना आणि स्कूटर आल्या, मग मोटरसायकली, मग मुलींच्या हातात स्कूटी आली. स्कूटी आली तो बदल फार मोठा होता. आमच्या वेळी मुलीला शिकवणीला सोडायला भाऊ नाहीतर बाप लागायचा. या इमारतीतल्या मुली स्वतः गाडी चालवत डी. बी. सायन्सला, एन. एम. डी.ला जाऊ लागल्या आणि कोणाला विचारेनाशा झाल्या, तेव्हा घरातली अर्धी भांडणं आपोआप मिटली.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका, दूधवाला, भाजीवाला, सुतार हे लोक मात्र खेड्यातून येतात. त्यांच्या वाहनांचा इतिहास वेगळा आहे. काळी-पिवळी जीप हे त्यातलं मुख्य प्रकरण. आत दाटीवाटीने बसलेले, मागे लटकलेले, टपावर पोती. तालुक्याचा बाजार त्या जीपांवर चालत आला. आमगाव, तिरोड्याहून अप-डाऊन करणाऱ्यांचा दिवस पॅसेंजर आणि मेमूच्या वेळेवर उगवतो आणि मावळतो. शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठीची ती योजना. आपल्या मोलकरणीची मुलगी त्या बसने बारावीपर्यंत शिकली, हे सोसायटीच्या इतिहासात लिहायला हवं, कारण त्या मुलीची आई पहाटे आपल्या घरची भांडी घासायला येत होती.

मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबली. दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२१ मध्ये, एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या दोन वर्षांत आपण घरी बसून होतो, आणि ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन नाही त्यांनी काय केलं, हे आपल्याला तेव्हा थोडंफार कळलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. बायका माहेरी जास्त वेळा जाऊ लागल्या. आजोबा लोक नुसतेच नवेगावबांधला जाऊन येऊ लागले.

आणि या सगळ्यात सायकलरिक्षा नाहीशी झाली. कुठल्या दिवशी गेली ते कोणाला सांगता येणार नाही. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला मान्यता मिळाली, आणि बघता बघता ती चौकाचौकांत दिसू लागली. छाती फुटेस्तोवर पायडल मारणं संपलं, ते चांगलंच झालं. पण रिक्षा गेली आणि ई-रिक्षा सर्रास मिळू लागली, यांच्या मध्ये काही वर्षं अशी गेली, की म्हाताऱ्या माणसाला बाहेर जायचं तर ‘पोरगा घरी आला की जाऊ’ एवढंच उत्तर होतं. मोटरसायकलच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसणं सत्तरीच्या बाईला जमत नाही. आणि पोरगा तर पुण्याला, नाहीतर हैदराबादला.

ई-रिक्षा आज फाटकापर्यंत येते. आत येऊन पिशवी कोणी उचलत नाही.

फाटकाच्या आतलं अंतर

आता त्या तहकूब झालेल्या विषयाकडे येतो.

२००० साली आपण सगळे पस्तीस-चाळिशीचे होतो. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, दाराशी तीन पायऱ्या. ‘हवेशीर म्हणून तिसरा मजला’ मागून घेणारे आपणच होतो. आज चोवीसपैकी पंधरा घरांत साठीच्या पुढचं कोणी ना कोणी आहे. इमारत तीच, पायऱ्या तेवढ्याच उंच, गुडघे मात्र बदलले. तिसऱ्या मजल्यावरचे आपले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी सोसायटीचा पहिला जमाखर्च लिहिला, ते गेल्या दिवाळीपासून फक्त दवाखान्यासाठी खाली उतरले आहेत. दोन पोरं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलतात. ते म्हणतात, ‘जाऊ द्या ना, कोणाला त्रास देऊन राहिलो मी.’ ज्या माणसाने आयुष्यभर पॅसेंजरने नागपूर अप-डाऊन केलं, सुमारे एकशे तीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, त्याचं जग आता एका बाल्कनीएवढं आहे.

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा आपल्या देशात १९९५ मध्ये झाला, नवा २०१६ मध्ये. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. उतार कसा असावा याचं मापही ठरलेलं आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे दीड फूट उंची. त्याला अठरा फूट लांबीचा उतार लागेल. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि व्हीलचेअर वळवायला वर-खाली पाच-पाच फूट सपाट जागा. मी टेप घेऊन स्वतः मोजलं. एकूण अठ्ठावीस फूट. भिंतीलगत एकामागे एक लागणाऱ्या दोन गाड्यांची जागा.

त्यातली एक गाडी माझी आहे. आणि मागच्या वर्षी तहकुबीच्या सूचनेला अनुमोदक म्हणून वहीत नाव आहे तेही माझंच. ‘घाई काय आहे, बघू पुढच्या वर्षी,’ असं मी म्हणालो होतो. यंदा मार्चमध्ये आमच्या घरच्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरापर्यंतचा सगळा रस्ता पंधरा मिनिटांत झाला. फाटकापासून दारापर्यंत वीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि म्हणाली, ‘गोंदियाहून हावड्याला जाणं सोपं आहे हो.’ हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

उताराने सगळं सुटणार नाही, हे मला कळतं. वरच्या मजल्यांचा जिना तसाच राहील. लिफ्टचा खर्च मोठा आहे, त्यावर वेगळी सभा लागेल. पण तोवर जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावता येईल. प्रत्येक वळणावर टेकायला एक बाक ठेवता येईल. तळमजल्यावरचं घर भाड्याने द्यायचं असेल तेव्हा आधी वरच्या ज्येष्ठांना विचारता येईल. यातल्या कशालाच शासनाची, रेल्वेची किंवा नगर परिषदेची वाट बघावी लागत नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षं दुसऱ्यांनी टाकलेल्या रुळांवर, दुसऱ्यांनी ओढलेल्या रिक्षांत बसून आपण या गावात फिरलो. आपल्या हातात असलेलं अंतर आहे अठ्ठावीस फुटांचं. रौप्यमहोत्सवी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आयत्या वेळचा म्हणून नको, पहिला म्हणून घ्यावा, असं पत्र मी सचिवांकडे दिलं आहे. सोबत माझ्या पार्किंगच्या जागेवरचा हक्क सोडत असल्याचंही लिहून दिलं आहे. दुसऱ्या जागेच्या मालकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, ‘सभेत बोलू.’

सभासद बंधू-भगिनींनो, सभेला या. आणि तिसऱ्या मजल्यावरून ज्यांना खाली येता येत नाही, त्यांच्यासाठी या वेळी सभाच तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात घ्यावी, एवढी एक सूचना आताच मांडून ठेवतो. अनुमोदक कोण होतंय, ते सांगा.